टेंपरेचर सेन्सरचा अलार्म थ्रेशोल्ड : सोलापुरातून सारखे येणारे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोली एमआयडीसीतले पॅनेलवाले, ऑफिसात एखादा सर्व्हर रॅक सांभाळणारे, डाळिंबाची कोल्ड रूम चालवणारे आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट गळ्यात पडलेली इंजिनिअरिंगची पोरं, सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळं लिनक्सच्या ड्रायव्हरबद्दल आहे, रास्पबेरी पाय असो नाहीतर जुना पीसी. फाइलींची नावं इथं देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात करायची.

थ्रेशोल्ड नेमका राहतो कुठं? ड्रायव्हरमध्ये, चिपमध्ये, का माझ्या प्रोग्रॅममध्ये?

चिपमध्ये. एलएम७५ ही साधी टेंपरेचर सेन्सरची चिप घ्या, त्याच्यात चारच रजिस्टर (आकडे ठेवायचे कप्पे) आहेत: शून्य नंबरला चालू तापमान, एकला कॉन्फिगरेशन, दोनला हिस्टेरिसिस (अलार्म सुटायचा आकडा, खाली सविस्तर आहे) आणि तीनला ओव्हर टेंपरेचरची लिमिट. ड्रायव्हरचं काम एवढंच की तुम्ही फाइलीत लिहिलेला आकडा त्या रजिस्टरला समजेल अशा बिटांत बसवून आयटूसीवरून (चिप आणि कॉम्प्युटरमधली दोन तारांची बस) पाठवायचा आणि परत वाचताना उलटं करायचं. मोजलेलं तापमान लिमिटच्या वर गेलं का नाही हे चिप स्वतः बघते, तुमचा प्रोग्रॅम बंद असला तरी बघते. हे एकदा डोक्यात बसलं की खालचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

मी मॅक्समध्ये ४५ टाकले आणि लगेच अलार्म लागला, सेन्सर खराब आहे का?

सेन्सर चांगला आहे. एचडब्ल्यूमॉनच्या (लिनक्सचा सेन्सर सांभाळणारा भाग) फाइलींत सगळं मिलि-डिग्रीत असतं, म्हणजे ४५ अंश म्हणजे ४५०००. तुम्ही ४५ लिहिलंत म्हणजे ०.०४५ अंश, ड्रायव्हरने ते जवळच्या पायरीला नेलं म्हणजे शून्य, आणि सोलापुरात शून्याच्या वर तापमान कायमच असणार, तर अलार्म लागणारच की ओ. टेम्प१_मॅक्समध्ये, म्हणजे वरच्या लिमिटच्या फाइलीत, ४५००० लिहा.

पण ही सवय सगळीकडे नेऊ नका. डीएस१८बी२० या दुसऱ्या सेन्सरच्या अलार्म्स फाइलीत पूर्ण डिग्री लागते, तिथं ४५ म्हणजे ४५च. आणि सेन्सर्सच्या कॉन्फिग फाइलीतपण साध्या डिग्रीत लिहायचं. तीन ठिकाणं, दोन एककं. कुणी ठरवलं विचारू नका.

सुडो लावूनसुद्धा "परमिशन डिनाइड" येतंय

कारण सुडो फक्त इकोला लागतो, पुढचा > चा बाण तुमच्या स्वतःच्या शेलचा असतो आणि तो साध्या युजरच्या हक्काने फाइल उघडायला जातो. इकोचं आउटपुट पाइपने सुडो टी ला द्या नाहीतर सरळ रूट शेल उघडून लिहा. आणि लिहून झालं की कॅट करून तीच फाइल परत वाचा, हे प्रत्येक वेळी, आळस करू नका.

तरीही लिहू देत नसेल तर एलएस -एल मारून बघा, फाइलीवर लिहायची परवानगीच नसेल तर त्या चिपला ती लिमिट बदलताच येत नाही किंवा ड्रायव्हरने मुद्दाम बंद ठेवलीय. तिथं चमोडने परवानगी बदलून उपयोग नाही.

कंपनीकडून येताना ८० आणि ७५ असतं, तेच राहू दिलं तर चालेल का? नाहीतर आकडा किती ठेवायचा?

हा खरा प्रश्न आहे आणि हाच लोक सगळ्यात शेवटी विचारतात.

एलएम७५ पॉवर दिल्यावर लिमिट ८० आणि हिस्टेरिसिस ७५ घेऊन उठतो. टीएमपी१०२ पण तसाच, वर ८० खाली ७५. हा आकडा सर्किट बोर्ड जळू नये या हिशोबाचा आहे, खोलीच्या हवेसाठी नाहीच. तुमच्या रॅकमधली हवा ८० ला पोचेपर्यंत सर्व्हर कधीच बंद पडलेला असेल. म्हणजे डिफॉल्ट ठेवला काय आणि अलार्म लावलाच नाही काय, सारखंच.

आता सोलापूरचा हिशोब. एप्रिल-मेमध्ये इथं चाळीसच्या वर जाणं ही बातमीच नाही, आणि पेपरात येणारा तो आकडा हवामान खात्याच्या पांढऱ्या झडपाच्या पेटीतला, सावलीतला, हवा खेळती असलेला असतो. तुमचा लूमचा शेड पत्र्याचा, आत मोटरी चालू, दुपारचे तीन वाजलेत, तिथलं तापमान त्या आकड्यापेक्षा किती वर जाईल ते पत्र्याच्या उंचीवर, खिडक्यांवर, आणि सेन्सर कुठल्या भिंतीला टांगलाय त्यावर ठरतं. त्यामुळं "शेडसाठी किती ठेवू" असं फोनवर विचारलं तर मी आकडा सांगत नाही. आधी सेन्सर लावा, मिनिटाला एकदा वाचून फाइलीत साठवत राहा, त्यात निदान काही कडक दुपारी यायला पाहिजेत, मग बघा रोजचा सगळ्यात वरचा आकडा कुठं जातो. थ्रेशोल्ड त्याच्या थोडा वर आणि तुमच्या मशीनच्या कागदावर लिहिलेल्या कमाल तापमानाच्या बराच खाली, या दोघांच्या मधे बसला पाहिजे. या दोघांत जागाच उरत नसेल, म्हणजे रोजचंच तापमान मशीनच्या मर्यादेला टेकत असेल, तर थ्रेशोल्ड सोडा, आधी पंखा नाहीतर एसी बघा.

एसीवाल्या सर्व्हर खोलीचं सोपं आहे. अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस अशी की सर्व्हरच्या तोंडाशी आत जाणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी. मग ३० ला पहिला इशारा आणि ३५ च्या आसपास गंभीर ठेवला तर एसी बंद पडल्यावर हातात थोडा वेळ राहतो. मात्र सेन्सर रॅकच्या पुढच्या बाजूला पाहिजे, मागं जिथनं गरम हवा बाहेर पडते तिथं टांगून मग "लई वाजतोय ओ" म्हणायचं नाही.

अजून एक, एलएम७५ची अचूकता अधिक-उणे २ अंश धरून चाला. म्हणजे खरं ४३ असताना तो ४५ दाखवू शकतो, ४१ पण दाखवू शकतो. ४४.५ ठेवू का ४५ यावर वाद घालणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

हिस्टेरिसिस म्हणजे काय आणि ते नाही ठेवलं तर काय होतं?

लिमिट ४५ आहे आणि तापमान ४४.५ आणि ४५.५ च्या मधे हेलकावे खातंय, पंखा फिरतोय, कुणी दार उघडतंय, असं. हिस्टेरिसिस नसेल तर अलार्म लागेल, सुटेल, लागेल, सुटेल, आणि त्याला रिले जोडलेला असेल तर रिले रात्रभर टकटक करत मरेल. म्हणून दुसरा आकडा असतो: एकदा अलार्म लागला की तापमान त्या खालच्या आकड्याच्या खाली गेल्याशिवाय सुटायचं नाही. मॅक्स ४५, हिस्ट ४२ ठेवलं तर ४५ ला लागला आणि ४२ च्या खाली आलं की सुटला.

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, जरा सावकाश वाचा. एचडब्ल्यूमॉनमध्ये टेम्प१_मॅक्स_हिस्ट ही फाइल प्रत्यक्ष तापमान मागते, फरक नाही. तीन अंशाचं अंतर पाहिजे म्हणून तिच्यात ३००० लिहिलं तर अर्थ होतो "३ अंशाच्या खाली आलं की अलार्म सोड", आणि ते सोलापुरात या जन्मात होणार नाही, अलार्म एकदा लागला की लागलाच. पण डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) थर्मल झोनचे ट्रिप, म्हणजे कर्नलने स्वतः काही करायचे तापमानाचे बिंदू, लिहिता तिथं मात्र हिस्टेरिसिस फरक असतो, तिथं २००० म्हणजे दोन अंश खाली. एकाच कर्नलमध्ये दोन रिवाज. ज्याने डिव्हाइस ट्रीतला आकडा उचलून सिसफाइलीत (म्हणजे वरच्या एचडब्ल्यूमॉनच्या फाइलीत) टाकला, किंवा उलटं केलं, त्याचा अलार्म एकतर सुटत नाही नाहीतर फडफडतो.

किती ठेवायचा? बंद खोलीत दोन अंश बरे, पत्र्याच्या शेडमध्ये तीन-चार. अर्धा अंश ठेवला तर सेन्सरच्या एका पायरीएवढाच झाला, म्हणजे न ठेवल्यासारखंच.

मी हिस्टेरिसिस नीट लिहिलं होतं, मग मॅक्स बदलला तर हिस्टेरिसिस पण आपोआप बदललं. भूत आहे का?

एडीटी७४१० किंवा त्याच्या भावकीतली चिप असेल. तिच्यात हिस्टेरिसिस चार बिटांचं आहे, शून्य ते पंधरा अंश, आणि ते फरक म्हणून साठवलेलं असतं आणि वरची, खालची, क्रिटिकल अशा तिन्ही लिमिटांना एकच. ड्रायव्हर तुम्हाला दाखवताना मॅक्समधनं वजा करून प्रत्यक्ष तापमान दाखवतो. म्हणून मॅक्स वर सरकवला की हिस्ट पण वर सरकलेलं दिसतं. अशा चिपला आधी मॅक्स लिहा, मग हिस्ट.

एलएम७५ला मात्र दोन्ही रजिस्टर वेगळे आहेत, तिथं क्रम वेगळ्या कारणाने पाळायचा: लिमिट खाली आणायची असेल तर आधी हिस्ट खाली, मग मॅक्स, वर न्यायची असेल तर आधी मॅक्स, मग हिस्ट. म्हणजे मधल्या क्षणालाही हिस्ट मॅक्सच्या वर जात नाही. ड्रायव्हर तुम्हाला उलटे आकडे लिहिण्यापासून अडवत नाही, तो म्हणतो तुमचं तुम्ही बघा.

डाळिंबाची कोल्ड रूम आहे, तापमान फार खाली गेलं तर पण अलार्म पाहिजे. एलएम७५चं हिस्टेरिसिस खालची लिमिट म्हणून वापरू का?

नका वापरू. डाळिंब ५ अंशाच्या खाली जास्त दिवस राहिलं की थंडीने साल तपकिरी होते, आतले दाणे पण फिके पडतात, हे बागायतदारांना मी सांगायची गरज नाही. म्हणजे तुम्हाला दोन लिमिट पाहिजेत, एक वरची आणि एक खालची. एलएम७५मध्ये वरची एकच आहे, हिस्ट हा फक्त त्या वरच्या अलार्मचा सुटायचा बिंदू आहे. हिस्ट ५ आणि मॅक्स ८ ठेवलं आणि खोली ३ अंशावर गेली तर एलएम७५ काहीच बोलणार नाही, उलट त्याच्या मते सगळं छान चाललंय.

खालची लिमिट खरंच असलेली चिप घ्या, म्हणजे ड्रायव्हर लोड केल्यावर टेम्प१_मिन नावाची फाइल दिसली पाहिजे. एडीटी७४१० ला आहे. पण तीसुद्धा डिफॉल्ट खाली १० आणि वर ६४ घेऊन येते, म्हणजे कोल्ड रूममध्ये लावली की पहिल्याच मिनिटाला "फार थंड" म्हणून ओरडेल. घाबरू नका, आकडे बदला. नाहीतर डीएस१८बी२० घ्या, वायर लांब न्यायची असली तर तोच बरा.

डीएस१८बी२० नवा कोरा आहे, खोली ३२ अंश आहे, तरी अलार्म सर्चमध्ये (अलार्म लागलेल्या सेन्सरांची चौकशी) उत्तर देतोय

यात दोन आकडे असतात, टीएच आणि टीएल, दोन्ही आठ बिटांचे, फक्त पूर्ण अंशात. येताना बहुतेक टीएच ७५ आणि टीएल ७० असतं. नियम असा की तापमान टीएच एवढं किंवा वर, नाहीतर टीएल एवढं किंवा खाली गेलं की अलार्म. ३२ म्हणजे ७० च्या खालीच, मग तो बरोबरच बोलतोय.

अलार्म्स फाइलीत दोन आकडे मधे स्पेस देऊन लिहा, कोल्ड रूमसाठी समजा "४ ९". छोटा कुठला मोठा कुठला हे ड्रायव्हर स्वतः ओळखून छोटा टीएलला टाकतो. पण हे फक्त सेन्सरच्या रॅममध्ये गेलं. लाइट गेल्यावर टिकायला पाहिजे असेल तर ईप्रॉम_सीएमडी फाइलीत सेव्ह असं लिहायचं, मग ते कायमचं बसतं. एवढी सोय एलएम७५ला नाही. फक्त तुमच्या स्क्रिप्टमध्ये दर मिनिटाला सेव्ह मारू नका, ईप्रॉम किती वेळा लिहायची याला मर्यादा असते.

आणि तो पूर्ण अंशातच तुलना करतो, दशांश सोडून देतो. ८.९ असेल आणि टीएच ९ असेल तर गप्प बसेल.

मधूनच ८५ अंश येतं आणि अलार्म जातो

८५ हा डीएस१८बी२०चा पॉवर-ऑन आकडा आहे. मोजमाप पूर्ण व्हायच्या आधी वाचलं, किंवा मधे क्षणभर सप्लाय तुटून सेन्सर रीसेट झाला, की तो ८५ देतो. बारा बिटांच्या मोजमापाला ७५० मिलिसेकंद लागतात. वायरिंग बघा, ४.७ के चा पुल-अप (डेटाची वायर वर ओढून धरणारा रेझिस्टर) लावलाय का बघा, पॅरासाइट पॉवरवर (डेटाच्या वायरीतूनच सप्लाय) चालवत असाल तर तिसरी वायर टाका. ड्रायव्हरमध्ये फीचर्स नावाची फाइल असते, तिच्यात १ लिहिलं की तो असलं खोटं ८५ ओळखून आकडा द्यायच्या ऐवजी एरर देतो. मग तुमची स्क्रिप्ट एरर नीट हाताळते का ते पण बघा, नाहीतर ८५ चा त्रास जाऊन शून्याचा त्रास येईल.

४५३०० लिहिलं, वाचलं तर ४५५०० आलं

बरोबर आहे. एलएम७५ अर्ध्या अंशाच्या पायरीने चालतो, ड्रायव्हर जवळच्या पायरीला नेतो. चिपच्या मर्यादेबाहेरचं काही लिहिलं, म्हणजे २००००० वगैरे, तरी शिवी देत नाही, कमाल जेवढं बसतं तेवढं टाकून मोकळा होतो. म्हणून म्हटलं, लिहिलं की परत वाचा.

लाइट गेली, परत आली, सगळी सेटिंग गेली

जाणारच, रजिस्टर तात्पुरते आहेत, पॉवर गेली की परत ८०/७५. बरेच ड्रायव्हर चालू होताना स्वतःहून लिमिट टाकत नाहीत आणि टाकू पण नयेत, ते तुमचं काम. एलएम-सेन्सर्स पॅकेज टाका, ईटीसीमधल्या सेन्सर्स.डी फोल्डरमध्ये आपली छोटी फाइल करा, तिच्यात चिपचं नाव आणि खाली सेट टेम्प१_मॅक्स ४५, सेट टेम्प१_मॅक्स_हिस्ट ४२, इथं साधी डिग्री. मग सेन्सर्स -एस ही कमांड रूटने चालवली की आकडे चिपमध्ये जातात, आणि बूटच्या वेळी ती आपोआप चालेल अशी सर्व्हिस बहुतेक डिस्ट्रोमध्ये असते, चालू आहे का तेवढं तपासा.

स्वतःची स्क्रिप्ट लिहीत असाल तर एचडब्ल्यूमॉन२ असा नंबर ठोकून देऊ नका. रीबूटनंतर तोच सेन्सर एचडब्ल्यूमॉन३ होऊ शकतो, आणि मग तुम्ही प्रोसेसरच्या नाहीतर दुसऱ्याच कुठल्या चिपच्या लिमिटमध्ये लिहायला जाल. प्रत्येक फोल्डरमध्ये नेम नावाची फाइल असते, ती वाचून शोधा. एकाच नावाचे दोन सेन्सर असतील तर डिव्हाइस लिंकवरून आयटूसीचा पत्ता बघा.

आणि एक बारीक गोष्ट: यूपीएसवर रास्पबेरी पाय आहे पण सेन्सर बोर्डाला वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवरून सप्लाय आहे, असं काही ठिकाणी बघितलंय. लाइट गेली की सेन्सर रीसेट, पाय मात्र चालूच, त्यामुळं बूट स्क्रिप्ट चालतच नाही आणि लिमिट गुपचूप ८० होऊन बसते. दोघांना एकाच सप्लायवर ठेवा, किंवा स्क्रिप्टमध्ये अधूनमधून लिमिट परत वाचून बघा.

थ्रेशोल्ड ओलांडला तरी मोबाइलवर मेसेज आला नाही

कोण पाठवणार होतं? ड्रायव्हर मेसेज पाठवत नाही, पंखा लावत नाही, मशीन बंद करत नाही. चिपला अलार्मचा बिट असेल तर टेम्प१_मॅक्स_अलार्म फाइलीत ० चं १ होतं, बस. ते वाचून पुढं काय करायचं ही तुमची स्क्रिप्ट, क्रॉन, एसएमएसचा मॉडेम, जे असेल ते. काही ड्रायव्हर अलार्म बदलला की त्या फाइलीवर पोल करत थांबलेल्या प्रोग्रॅमला उठवतात, सगळे नाही, म्हणून ठरावीक वेळाने वाचत राहणं हेच भरवशाचं.

साध्या एलएम७५ला तर अलार्म फाइलच नसते, त्यामुळं सेन्सर्स कमांडमध्ये पण "अलार्म" शब्द दिसायचा नाही, नुसती हाय आणि हिस्ट दिसेल. तिथं दोन मार्ग: एक, स्क्रिप्टमध्ये इनपुट आणि मॅक्सची तुलना स्वतः करा. दोन, चिपची ओएस नावाची पिन वापरा. ती ओपन-ड्रेन आहे, म्हणजे फक्त खाली ओढते, पुल-अप रेझिस्टर लावल्याशिवाय काही कळणार नाही, १० के चालतो, आणि रास्पबेरी पायला जोडताना पुल-अप ३.३ व्होल्टला, ५ ला नाही. डिफॉल्टमध्ये अलार्म लागला की ती पिन खाली (शून्य व्होल्टकडं) जाते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण रास्पबेरी पाय हँग झाला तरी ओएस ट्रान्झिस्टरवरून भोंगा वाजवू शकतो, सॉफ्टवेअर मधे येतच नाही.

मॅक्स, क्रिट, इमर्जन्सी यात फरक काय? क्रिटला गेलं की मशीन बंद होतं का?

तीन पातळ्या, चढत्या. मॅक्स म्हणजे लक्ष द्या, क्रिट म्हणजे धोका, इमर्जन्सी फार थोड्या चिपला असते. एचडब्ल्यूमॉनमध्ये या नुसत्या लिमिट आहेत. मशीन बंद पाडायचं काम थर्मल झोनचं: तिथं क्रिटिकल प्रकारचा ट्रिप ओलांडला की कर्नल स्वतः शटडाउन सुरू करतो. त्यामुळं डिव्हाइस ट्रीमध्ये क्रिटिकल ट्रिप लिहिताना आकडा दोनदा बघा. मे महिन्यात शेडमध्ये ४५००० चा क्रिटिकल ट्रिप ठेवला तर तुमचा कंट्रोलर रोज दुपारी जेवायच्या वेळी स्वतःच बंद होईल. पंखा लावायचा असेल तर अ‍ॅक्टिव्ह प्रकार, वेग कमी करायचा असेल तर पॅसिव्ह.

लूम सुरू झाले की उगाच अलार्म येतात, रात्री बंद असताना एकदम शांत

तापमानाचा दोष नाही, वायरचा आहे. आयटूसी ही बोर्डावर हातभर अंतरासाठी केलेली गोष्ट, ती पाच-सहा मीटर नेऊन मोटरच्या केबलशेजारून ओढली तर वाचनात कचरा येणारच. आधी वायर वेगळी करा, कमी करा, लांब जायचं असेल तर वन-वायर (डीएस१८बी२० चालतो ती पद्धत) नाहीतर आरएस४८५ कडं वळा.

चिपमध्ये यावर फॉल्ट क्यू नावाची सोय आहे: सलग १, २, ४ किंवा ६ वेळा लिमिटच्या वर दिसलं तरच अलार्म. डिफॉल्ट १ आहे. पण लिनक्सच्या एलएम७५ ड्रायव्हरमध्ये ती बदलायला फाइल नाही. लोक आयटूसी-सेटला -एफ लावून ड्रायव्हरच्या डोक्यावरून रजिस्टर लिहितात, मी कारखान्यातल्या चालू मशीनवर ते करायला सांगणार नाही. स्क्रिप्टमध्येच सलग तीन वाचनं वर असतील तरच मेसेज पाठव, असं लिहा. शिवाय फॉल्ट क्यू चिपच्या आतल्या मोजमापावर चालतो, वायरवर बिघडलेला आकडा त्याला दिसतच नाही, त्यामुळं या रोगाला ते औषधच नाही.

अलार्म बिट एकदा १ दिसला, परत वाचला तर ०. तापमान तर तेवढंच आहे

काही चिपांमध्ये बिट वाचला की पुसला जातो आणि पुढच्या मोजमापाला परत लागतो. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी वाचत असतील तर एकाला १ मिळतो, दुसऱ्याला ०. वाचणारा एकच ठेवा. एलएम७५च्या इंटरप्ट मोडमध्ये पण असंच: लिमिट ओलांडली की ओएस लागतो, कुठलंही रजिस्टर वाचलं की सुटतो, मग तापमान हिस्टच्या खाली गेल्यावर परत एकदा लागतो. भोंगा जोडायचा असेल तर कम्पॅरेटर मोड, तोच डिफॉल्ट आहे, तसाच राहू द्या.

टेस्ट कशी करायची? लायटर लावून बघितलं तर चालेल का?

लायटर नको हो. सेन्सर तापवायच्या ऐवजी लिमिट खाली आणा. खोली ३६ आहे, आधी हिस्ट २८००० करा, मग मॅक्स ३००००, अलार्म लागला पाहिजे, भोंगा, मेसेज, सगळी साखळी शेवटपर्यंत बघा, ज्याच्या मोबाइलवर जायला पाहिजे त्याला फोन करून विचारा. मग मॅक्स ४५००० ला परत न्या. इथं अलार्म सुटणार नाही, कारण ३६ अजून २८ च्या वर आहे. हिस्ट ४२००० केलं की सुटेल. हे नेमकं असंच झालं तर हिस्टेरिसिस चालतंय हेही त्याच फेरीत तपासून झालं.

वॉटरप्रूफ प्रोबवाला डीएस१८बी२० असेल तर कुटलेला बर्फ आणि पाणी ग्लासात घालून बुडवा, चांगलं ढवळा, शून्याच्या अर्ध्या अंशात आला तर ठीक. बाजारात नकली डीएस१८बी२० भरपूर आहेत, ही परीक्षा स्वस्तातली आहे.

आम्ही स्वतः ड्रायव्हर लिहितोय, कॉलेजचा प्रोजेक्ट. लिमिट लिहायचं फंक्शन कसं असावं?

एचडब्ल्यूमॉनची नवी पद्धत वापरा: इज_व्हिजिबल, रीड, राइट अशी तीन फंक्शनं आणि चॅनेलची यादी, सिसफाइली कर्नल स्वतः बनवतो. जुने ट्युटोरियल बघून प्रत्येक फाइलीला हाताने शो आणि स्टोअर लिहीत बसू नका.

राइटमध्ये पोरं हमखास एक चूक करतात: आलेला आकडा आधी भागतात, गोल करतात, आणि मग मर्यादेत बसवतात. युजरने लाँगचा सगळ्यात मोठा आकडा लिहिला तर डिव्ह_राउंड_क्लोजेस्टच्या आतली बेरीज ओव्हरफ्लो होते आणि प्रचंड गरम लिमिटच्या जागी उणे आकडा जाऊन बसतो. आधी क्लॅम्प_व्हॅल, म्हणजे उणे ५५००० ते १२५००० मधे आणा, मग गोल करा, मग बिट सरकवा. व्हायवाला सरांनी हेच विचारलं तर चकित होऊ नका.

वाचताना चिन्हाचा बिट. एलएम७५चं तापमान नऊ बिटांचं, टूज कॉम्प्लिमेंट, सोळा बिटांच्या रजिस्टरमध्ये वर सरकवलेलं. साइन एक्स्टेंड केलं नाही तर सोलापुरात वर्षभर ड्रायव्हर झकास चालेल आणि फ्रीजरमध्ये ठेवल्यावर उणे ५ च्या जागी २५१ दाखवेल. म्हणून फ्रीजरमध्ये ठेवून बघाच.

रेगमॅप कॅश वापरत असाल तर तापमान आणि स्टेटस रजिस्टर व्होलाटाइल म्हणून सांगा, नाहीतर पहिलंच वाचन कायम येत राहील. लिमिट रजिस्टर कॅश झाले तर चालतात, फक्त सस्पेंडमध्ये चिपची पॉवर जात असेल तर रेझ्युमला कॅश परत चिपवर लिहा. एका रजिस्टरमधले काहीच बिट बदलायचे असतील, जसं कॉन्फिगरेशन, तर वाचून-बदलून-लिहिणं लॉकच्या आत. आणि प्रोबमध्ये "आपल्याला बरी वाटली" म्हणून ६० ची लिमिट टाकून देऊ नका, बायोसने किंवा युजरने आधीच काही ठेवलेलं असेल ते तुम्ही पुसाल.

आयटूसी-डिटेक्टमध्ये (बसवर कुठल्या पत्त्यावर चिप आहे ते दाखवणारी कमांड) ४८ च्या जागी यूयू दिसतंय, सेन्सर गेला का?

नाही, उलट चांगलं लक्षण, ड्रायव्हरने तो पत्ता ताब्यात घेतलाय. ४८ आकडा दिसत असेल आणि एचडब्ल्यूमॉनमध्ये काही नसेल तर ड्रायव्हर जोडलेला नाही, बसच्या न्यू_डिव्हाइस फाइलीत चिपचं नाव आणि पत्ता लिहा. एलएम७५ला हेक्स ४८ ते ४एफ असे आठ पत्ते मिळतात, म्हणजे एका बसवर आठ.

एकदा ठेवलेला आकडा वर्षभर चालेल का?

एसीच्या खोलीत चालेल. शेडमध्ये नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ठरवलेला थ्रेशोल्ड एप्रिल लागला की रोज वाजायला लागतो, मग कुणीतरी वैतागून भोंग्याची वायर काढतो आणि ती वायर पुढच्या दिवाळीपर्यंत तशीच लोंबकळत राहते. दोन कॉन्फिग फाइली करून ठेवा, एक उन्हाळ्याची, एक बाकीच्या महिन्यांची, आणि मार्चच्या शेवटी बदला. मशीनच्या मर्यादेवरचा क्रिट मात्र दोन्हींत एकच ठेवायचा, ऊन वाढलं म्हणून मशीनची सहनशक्ती वाढत नाही.

फॅरनहाइटमध्ये लिमिट लिहिता येते का?

नाही. सेन्सर्स कमांडला -एफ लावलं तर दाखवते फॅरनहाइटमध्ये, लिहायचं मात्र सेल्सिअसमध्येच.